न घेतलेली ओव्हर

आमच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांना सगळे हवालदार म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणाच्यात नव्हती. त्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं. बुटक्या, रुंद, चष्म्याला दोरी, खिशात टॉर्च आणि पायात रबरी तळव्यांचे बूट. ते बूट ओल्या फरशीवर चिरकायचे. तो आवाज लांबून आला की टेबलावर पसरलेले जेवणाचे डबे आपोआप मिटायचे.

हवालदार हे नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. ड्युटी संपली की पुढच्या पाळीच्या नर्सला आम्ही ‘ओव्हर’ देतो. म्हणजे कुठल्या खाटेवर कोण आहे, कुणाचा रक्तस्राव जास्त आहे, कुणाचं बाळ दूध ओढत नाही, कुठलं इंजेक्शन द्यायचं राहिलंय, हे सगळं तिच्या कानावर घालायचं आणि सुटायचं. बहुतेक सिस्टर ओव्हर टेबलाशी बसून घेतात. एक सांगते, दुसरी केस बांधता बांधता मान हलवते. मोठ्या सिस्टर तशी घेत नसत. सांगणारीनं तोंड उघडलं की त्या उठून उभ्या राहायच्या आणि तिला पुढे घालून खाटेखाटेपाशी न्यायच्या. पोटाला हात लावून बघायच्या, पांघरूण उचलून बघायच्या, बाळाच्या तळव्यावरून बोट फिरवायच्या. ‘खुर्चीत बसून ओव्हर घेणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं,’ म्हणायच्या. त्यांचं बघून होईपर्यंत सांगणारीची बस गेलेली असायची.

दुसरा नियम त्याहून कडक. पुढचं माणूस आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. रिलीव्हर आली नाही तर डबल करायची, म्हणजे लागोपाठ दुसरी पाळीही आपणच ओढायची. घरी पाहुणे येवोत, अंगात ताप असो, नवरा गेटवर हॉर्न वाजवत बसो. मीसुद्धा कितीतरी डबल केल्या. शिव्या देत केल्या, पण केल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी किती ओव्हर घेतल्या असतील त्याची गणती नाही. नाकारली एकच. ती माझी होती, आणि ती वॉर्डातली नव्हती. त्या दुपारी त्यांनी ती घेतली असती तर हे सांगायला मी नसते.

पन्नाशी उलटल्यावर मोठ्या सिस्टरांच्या डोक्यात शिकायचं आलं. घरी त्यांच्या सासूबाई अजून त्यांना ‘नवी’ म्हणत होत्या, आणि ही नवी केस पांढरे झाल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊन बसली. ‘या वयात कशाला नसती उठाठेव,’ असं मेट्रन म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, ‘त्या वयात नाइट ड्युट्या होत्या.’ त्यांच्या संशोधनाच्या गाईड मॅडम त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण दोघींचं जमलं. कडाक्याचं भांडण झालं की दोघी चहा घ्यायच्या, आणि भांडण रोज व्हायचं.

संशोधनाचा विषय सिस्टरांनीच निवडला. बाळंतपणानंतर आईच्या मनाचं काय होतं, आणि ते आपल्या सुईणींना दिसतं का. सुईण हा शब्द त्या मुद्दाम वापरायच्या. आम्हाला नर्स म्हटलेलं आवडायचं. ‘नर्स काय, दाताच्या दवाखान्यातही असते,’ असं त्यांचं म्हणणं.

‘जी ओरडते तिच्याकडे आपण चौघी धावतो,’ त्या एकदा मला म्हणाल्या. ‘जी भिंतीकडे तोंड करून गप्प पडून असते, तिला आपण काय म्हणतो?’

‘शहाणी पेशंट,’ मी म्हटलं.

‘तेच मला बघायचंय.’

त्यासाठी दहा प्रश्न होते, आणि ते कुठूनसे भाषांतर करून आणले होते. पहिलाच होता, ‘गत सप्ताहात आपणांस आनंदाची अनुभूती झाली काय?’ आम्ही तो एका बाळंतिणीला विचारून पाहिला. ती बिचारी घाबरून म्हणाली, ‘सकाळच्या सिस्टरनी ते मला दिलंच नाही.’ मोठ्या सिस्टरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढून पुसावा लागला त्यांना. मग ते प्रश्न माणसांच्या भाषेत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी एकेक वाक्य घडवायचे, खाटेवरच्या बायकांना विचारून बघायचे, पुन्हा मोडायचे. ‘पूर्वी ज्यात मजा यायची, त्यात अजून येते का?’ हे वाक्य माझं. ‘काही कारण नसताना धडकी भरते का?’ हेही माझं. सगळ्यात अवघड होता तो शेवटचा प्रश्न, स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हा. तो कसाही विचारला तरी बायका आधी दाराकडे बघायच्या. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं आणि प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज कितीच्या वर गेली की काळजी करायची, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं.

बायका दाराकडे बघायच्या, कारण दारात कुणीतरी असायचंच. मोठ्या सिस्टर बाळंतिणींना घरी जाऊन भेटायच्या, बाळ दीड महिन्याचं झाल्यावर. नवरा, सासू, नणंद, सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे आणि आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे. तिला काय होणार, ती मजेत आहे. सिस्टरांनी त्यावर तोडगा काढला. त्या बाळाचा वजनकाटा बरोबर न्यायला लागल्या. ‘आजी, बाळाचे सगळे कपडे काढा, बाहेरच्या खोलीत काट्यावर ठेवा, रडायचं थांबलं की मगच आकडा बघा,’ असं सांगायच्या. काट्यावर ठेवलेलं उघडं बाळ रडायचं लवकर थांबत नाही. सगळं घर बाहेर आकड्यासाठी खोळंबून राहायचं, आणि आत सिस्टर बाळंतिणीजवळ बसायच्या. हा काटा गाईड मॅडमना मंजूर नव्हता. त्यावर तर दोन वेळा चहा झाला.

हे चालू असतानाच मला दिवस राहिले. बाळंतपण आमच्याच वॉर्डात झालं, मोठ्या सिस्टरांच्या हातानं. सरळ, सोपं, सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी बाळ माझ्या पोटावर ठेवलं. मी बघितलं. रंग गुलाबी, रडणं जोरात, हातपाय हलतायत, मुलगी. मग मी वाट बघत पडले. पुढे काय यायला हवं ते मला माहीत होतं. बायकांच्या तोंडावर ते येताना मी रोज बघत होते. आलं नाही. म्हटलं, दमलेय, घरी गेल्यावर येईल.

घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक अरुंद गॅलरी. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. सासूबाई आमच्याबरोबर राहतात. माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत लोक आधी सासूला शोधतात. त्यांनी मला महिनाभर भांड्याला हात लावू दिला नाही. कुणी मला टाकून बोललं नाही, कुणी मुलगी झाली म्हणून तोंड पाडलं नाही.

मला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटलं असतं तर माझं मला तरी कळलं असतं. रडू येत नव्हतं, धडकी भरत नव्हती, झोप मिळेल तेवढी येत होती. ती रडली की शेजारच्या वॉर्डातली घंटा वाजावी तसं कानावर यायचं. कुणीतरी जाईल, असं वाटायचं, आणि मग मीच जायचे. दूध पाजायचे, ढेकर काढायचे, कोरडं करायचे. हात आपले आपण काम करायचे, मी बाजूला उभी. तिला मी ‘बेबी’ म्हणायचे. वॉर्डातल्या सगळ्याच बाळांना म्हणतो तसं. नावं सुचवायला माणसं फोन करायची. मी म्हणायचे, तुम्ही ठरवा, सगळीच छान आहेत.

संध्याकाळी नवरा हाताला काळं वंगण घेऊन दारात आला की मी त्याला ओव्हर द्यायचे. किती वेळा दूध झालं, किती वेळा शू, शी कशी होती, अंग गरम नाही. त्याला मोठी गंमत वाटायची. तो बूट न काढताच टाचा जुळवून सलाम ठोकायचा. ‘ओव्हर घेतली, सिस्टर.’ सासूबाई हसायच्या. ‘आम्हाला बाई पहिल्या वेळी एवढी अक्कल नव्हती,’ म्हणायच्या. शेजारणींना बोलावून माझे खण दाखवायच्या, एकात लंगोट, एकात दुपटी, एकात औषधं. चहूकडून कौतुक. मी मान हलवायचे. ते कौतुक माझ्यापर्यंत पोचायचं नाही, पण ते वाया जाऊ नये म्हणून मान हलवायचे.

मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी इथे नसले तरी चालेल. साखर संपलीय हे लक्षात यावं, तेवढंच ते. सासूबाईंना सगळं येत होतं, नवऱ्याला निम्मं येत होतं, डब्याचं दूध बाजारात मिळत होतं. तेव्हा मी जायचं ठरवलं. कुठे, ते ठरवलं नव्हतं. परत यायचं नाही, एवढं ठरलं होतं. भीती वाटली नाही, सुटका वाटली नाही. धुणं भिजवलंय, ते पिळायचंय, तसं जायचं होतं. त्या दिवशी दुपारी मोठ्या सिस्टरांची माझ्याकडे फेरी होती. इतरांसारखं माझंही बाळ दीड महिन्याचं झालं होतं. म्हटलं, बरंच आहे, त्या येऊन जाऊ देत. मी पुन्हा एकदा खण लावले.

जिन्यावर बूट चिरकले. सासूबाईंनी दार उघडलं. सिस्टरांनी काटा त्यांच्या हातात दिला आणि कपडे काढायचं, रडायचं, आकड्याचं, सगळं साग्रसंगीत सांगितलं. माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. सासूबाई बेबीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

‘तुला विचारायचं म्हणजे शिंप्याला सुई दाखवण्यासारखं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तरी विचारते. पूर्वी ज्यात मजा यायची, त्यात अजून येते का?’

माझंच वाक्य होतं. ते घडवताना ‘मजा’ ठेवावं की ‘आनंद’, यावर मी किती डोकं खाजवलं होतं, ते आठवलं. ‘येते की,’ मी म्हटलं. पण सगळीच उत्तरं पहिल्या नंबरची द्यायची नसतात. तसं केलं की संशय येतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं. म्हणून मी झोपेच्या प्रश्नाला थोडं कुरकुरले, दमण्याच्या प्रश्नालाही. एखाद्या ठीकठाक बाळंतिणीची असावी तशी बेरीज जुळवून दिली. शेवटच्या प्रश्नाला म्हटलं, ‘छे, कधीच नाही.’ दाराकडे बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवा मीच घासूनपुसून दिलेला होता.

‘चांगलंय,’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी फाइल पिशवीत टाकली.

सासूबाई खूश होऊन आत आल्या. वजन छान भरलं होतं. त्यांनी बेबीला माझ्या पलंगावर ठेवलं आणि त्या चहा टाकायला गेल्या. बेबी डोळे मिटायच्या बेतात होती. सिस्टर खुर्चीत टेकून चष्मा पुसत होत्या. माझ्यासमोर माझी सीनियर होती आणि मला जायचं होतं. पुढचं माझ्या तोंडातून आपोआप आलं.

‘बेबी आता झोपेल,’ मी म्हटलं. ‘दूध तुम्ही यायच्या आधीच झालंय. शी सकाळी एकदा, पिवळी, नॉर्मल. बेंबी कोरडी. डाव्या मांडीत थोडं लाल झालंय, मलम खिडकीतल्या डब्यात आहे. लसीचं कार्ड वरच्या खणात. दिवा पूर्ण बंद केलेला तिला चालत नाही, गॅलरीचं दार जरा उघडं ठेवावं लागतं. आईंचा गुडघा दुखतो, त्यांना वाकून उचलायला लावायचं नाही. हे संध्याकाळी येतात, हात धुतल्याशिवाय त्यांच्याकडे द्यायचं नाही, वंगण असतं.’

मोठ्या सिस्टर सवयीनं उठल्या होत्या. ओव्हर सुरू झाली की त्यांना बसवतच नाही. पलंगापर्यंत येऊन त्यांनी बाळाच्या तळव्यावर बोटही टेकवलं होतं. वंगणापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खण पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग त्या उलट पावली गेल्या आणि खुर्चीत बसल्या.

‘ही ओव्हर मी घेत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘काय राहिलं?’ मी विचारलं. मला खरंच वाटलं की काहीतरी सुटलंय.

‘काही राहिलं नाही. आई मुलाबद्दल बोलताना शंभर गोष्टी विसरते आणि जिन्यापर्यंत मागे येऊन सांगते. तू काही विसरली नाहीस.’ त्यांनी चष्मा डोळ्याला लावला. ‘ओव्हर कधी देतात?’

मी दुपट्याची कड सारखी केली.

‘जाताना देतात. कुठे निघालीस?’

‘जरा बाहेर जाऊन येते.’

‘परत यायचंय?’

स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता. हा प्रश्न मी घडवलेला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

‘नाही,’ मी म्हटलं.

मोठ्या सिस्टरांनी हंबरडा फोडला नाही, मला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर मी उभ्या ओंडक्यासारखी राहिले असते. त्यांनी फक्त खुर्ची उचलली आणि दारात आणून ठेवली, आणि तिच्यात बसल्या.

‘रिलीव्हर आलेली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नियम माहितीय ना?’

‘तुम्ही आहात की.’

‘मी घेतलेली नाही. तुला डबल करायला लागेल.’

आता हे ऐकून कुणालाही वाटेल की एवढ्याशा बोलण्यानं कुणी थांबतं का. मी थांबले. त्या वेळी माझ्यात काहीच शिल्लक नव्हतं. माया नव्हती, लाज नव्हती, मरणाची भीतीसुद्धा नव्हती. पण रिलीव्हर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे हाडात मुरलेलं होतं, आणि ते या बाईनंच मुरवलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसले. बेबीच्या छातीवरचं दुपटं खाली-वर होत होतं. मी ते बघत राहिले, कारण ड्युटीवर असताना ते बघायचं असतं.

सासूबाई चहा घेऊन आल्या, तर दारात खुर्ची. सिस्टरांनी त्यांना आत घेतलं आणि सरळ सांगून टाकलं. आजी, हिला बरं नाहीये, मनाचं दुखणं आहे, आणि आजच डॉक्टरकडे न्यायचंय. तोवर हिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

‘पण तिला तर सगळं येतं,’ सासूबाई म्हणाल्या.

‘हो. सगळं येतं. वाटत काही नाही.’

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन, निदान नाही म्हणेन, असं त्यांना वाटत असावं. मग त्या ट्रे हातात तसाच धरून खाली फरशीवर बसल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यावर. मांडी घालायला त्यांना डॉक्टरनं बंदी केली होती. मला ते दिसलं, पण त्याचं काही झालं नाही.

नवरा अर्धी लिफ्ट उघडी टाकून आला. त्या दिवशी त्यानं सलाम ठोकला नाही आणि हात धुवायला त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं माझं मनगट धरलं ते दवाखान्यात पोचेपर्यंत सोडलं नाही. वंगणाचे काळे ठसे उमटले होते. ते मी साबणानं घासून काढले, दुसऱ्या दिवशी.

पुढचं सगळं संथ झालं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसायला लागले. सासूबाईंनी आपलं अंथरूण माझ्या पलंगाला आडवं टाकलं, म्हणजे मला उठायचं तर त्यांना ओलांडून जावं लागेल. दिवसा त्या गमतीनं म्हणायच्या, ‘आता मीच तुझी हवालदार.’ मला हसू यायचं नाही. गोळीनं जादू होईल अशी कुणी आशा लावू नये. पहिले काही आठवडे फक्त तोंड कोरडं पडलं.

मोठ्या सिस्टर ड्युटी सुटली की यायच्या, दारातूनच विचारायच्या.

‘ड्युटीवर?’

‘ड्युटीवर.’

एवढंच बोलणं. मग त्या तिथेच उभ्या उभ्या सासूबाईंकडून पाणी मागून प्यायच्या आणि जायच्या. ‘कशी आहेस’ म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाचं खोटं उत्तर किती सोपं असतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

बेबी मोठी होत होती. पालथी पडायला लागली, हातात येईल ते ओढायला लागली. एकदा दूध पिता पिता तिनं माझे केस मुठीत धरले आणि असे हिसडले की डोळ्यांत पाणी आलं. ‘अगं सोड, भवाने,’ मी ओरडले. माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि दारात थबकल्या. मी मुठीतला एकेक केस सोडवत होते आणि तिला बोल बोल बोलत होते. सटवी, दांडगोबा, कुणावर गेलीय कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघून हसत होती.

संध्याकाळी मी हे सिस्टरांना सांगितलं.

‘राग आला?’ त्यांनी विचारलं.

‘खूप.’

त्या पहिल्यांदाच दारातून आत आल्या. खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, आणि बराच वेळ तो पुसत राहिल्या. पुसण्यासारखं काचेवर काही नव्हतं. मला आनंद झाला, असं मी म्हणणार नाही. बधिर झालेला पाय जागा होताना मुंग्या येतात, तसं ते होतं, आणि मुंग्या कुणाला आवडतात. पण पाय माझा आहे, एवढं कळलं.

त्यांचं संशोधन पूर्ण झालं. माझी उत्तरं त्यातून वगळावीत, असं गाईड मॅडमचं म्हणणं होतं. हिनंच प्रश्न घडवलेत, ती उत्तरं काय कामाची. सिस्टर म्हणाल्या, जशी मिळाली तशी राहू देत. बेरजेत ठीकठाक, आणि खाली स्पष्ट लिहायचं की ही बाई ठीक नव्हती. आपल्याच सुईणी बाळंत झाल्या की हे प्रश्न त्यांच्यावर चालत नाहीत, त्यांच्याजवळ नुसतं बसून राहावं लागतं, आणि तेही एकदा नाही. मॅडमनी या वेळी चहा होण्याआधीच ऐकलं. आता आमच्या हॉस्पिटलात बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या प्रत्येक नर्सकडे दुसरी नर्स जाते, आणि फाइल नेत नाही. वजनकाटा मात्र नेते.

मी कामावर परत आले. मुलीला नाव मीच ठेवलं, उशिरा का होईना. ती आता शाळेत जाते आणि घरी आल्यावर दारातच तिची ओव्हर सुरू होते. बाईंनी काय सांगितलं, कुणी कुणाला ढकललं. तिच्या शंभर गोष्टी सांगायच्या राहतात आणि मग तिला जेवता जेवता आठवतात.

मागच्या महिन्यात मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. भाषणं सुरू व्हायच्या आतच त्या सटकल्या आणि वॉर्डात येऊन टेबलाशी बसल्या. त्यांच्या जागी मी आले होते. ‘आज बसूनच देते,’ त्या म्हणाल्या, ‘गुडघे गेले माझे.’

‘उंटावरून शेळ्या?’ मी म्हटलं.

त्या उठल्या. मी त्यांना पुढे घातलं आणि आम्ही खाटेखाटेपाशी गेलो. त्या सांगत होत्या, मी पोटाला हात लावून बघत होते, तळव्यांवरून बोट फिरवत होते. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ बाजूच्या पाळण्यात, दुपट्यात नीट गुंडाळलेलं. ‘ही काल आली,’ सिस्टर म्हणाल्या. ‘काही त्रास देत नाही.’ एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

दारापाशी त्यांनी पिशवी खांद्याला लावली, टॉर्च काढून माझ्या खिशात घातला आणि बाहेर पडता पडता वळल्या.

‘एक राहिलीय,’ त्या म्हणाल्या. ‘तुझी, त्या दुपारची. आता मला वेळच वेळ आहे. घेऊ का?’

शाळा सुटायला अवकाश होता. डब्यात काय दिलं होतं ते मला आठवेना, आणि तिचा गणवेश तारेवरून काढायचा तसाच राहिला होता.

‘राहू द्या,’ मी म्हटलं. ‘करते मी डबल.’

त्यांचे बूट चिरकत जिन्यावरून खाली गेले. मी खिडकीजवळच्या खाटेपाशी गेले, स्टूल ओढलं आणि त्या बाईच्या पाठीशी बसले.